गुडघ्यापर्यंत तेल आणि दारातलं पिंप

पाऊस सुरू झाला की आमच्या बेळगावातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास परत येतो, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. मजकूर साधारण असा: "डेंगीची साथ आहे. गुडघ्यापासून पावलांपर्यंत खोबरेल तेल लावा, ते अँटिबायोटिक आहे. डेंगीचा डास गुडघ्याच्या वर उडू शकत नाही. ताप आलाच तर पपईच्या पानांचा रस प्या, प्लेटलेट वाढतात." परवा शेजारच्या काकूंनी तो वाचून दोन वर्षांच्या नातवाच्या पायांना तेल चोपडलं. दुपारी बाळ झोपतं तेव्हा मच्छरदाणी लावा म्हटलं, तर म्हणाल्या, "लावलंय की तेल, आता कशाला भ्यायचं?" मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची.

आधी गुडघ्याचं बघू. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास घरात पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे दबा धरून बसतो आणि बऱ्याचदा पायांना चावतो, एवढं खरं. पण गच्चीवरच्या उघड्या टाकीतही त्याच्या अळ्या सापडतात. मादी तिथवर उडत गेल्याशिवाय अंडी कशी घालेल? आणि जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्याचं तर अख्खं अंगच गुडघ्याच्या खाली येतं. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. म्हणून नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही, दुपारी झोपणाऱ्या बाळालाही ती हवी.

खोबरेल अँटिबायोटिक नाही. असतं तरी उपयोग नव्हता, कारण अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं आणि डेंगी विषाणूमुळे होतो. तेलाच्या थराने डास थोडा वेळ लांब राहीलही, पण त्यावर भरवसा ठेवू नये. डीईईटी किंवा पिकारिडिन ही डासांना लांब ठेवणारी द्रव्यं असलेलं मलम उघड्या अंगाला लावावं, डब्यावर वय आणि किती वेळाने लावायचं ते वाचून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र काही चोळू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी. चावलंच तर साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी, कॅलामाइन लावावं. चुना नको, टूथपेस्ट नको. नखांनी खाजवून जखम चिघळली, तर तिथे कदाचित अँटिबायोटिक लागेल, तेही डॉक्टरांनी दिलेलं.

पपईच्या रसाने डेंगी बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. रस पाजत घरी बसण्यात जो वेळ जातो, तो महागात पडतो. डेंगीत ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, खरा धोका सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, रोगी मलूल पडणं, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. रोग्यालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवावं. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला डेंगी देऊ शकतो.

आता मेसेजात जे नाहीच ते. राकसकोप धरणाचं पाणी जिथे रोज येत नाही, तिथे आपण पिंपं, हौद, घागरी भरून ठेवतो. पाणी चार-आठ दिवसांनी येतं, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात-दहा दिवस लागतात. अर्धवट उरलेल्या जुन्या पाण्यावर आपण नवं ओततो, म्हणजे पिंप कधी रिकामं होतच नाही. गटार साफ करा म्हणून आपण महापालिकेशी भांडतो, भांडावंच, पण डेंगीच्या डासाला आवडतं ते आपलं स्वच्छ पाणी. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, आतून काथ्याने घासावं लागतं. फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, ताडपत्रीवरचे खड्डे, परसातल्या करवंट्या, सगळीकडे हेच. २००६ मध्ये चिकुनगुनियाने कर्नाटकात हाहाकार केला, तोही याच डासामुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंगी साथरोग जाहीर करून घरात डासांची पैदास सापडली तर शहरात ४०० आणि खेड्यात २०० रुपये दंड ठेवला, तोही अशाच साचलेल्या पाण्यासाठी. आशाताई बॅटरी घेऊन पिंपात डोकावतात तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नका.

आमच्याकडे शुक्रवारी पाणी येतं. गुरुवारी रात्री उरलेलं पाणी झाडांना घालून पिंप उपडं करतो, घासतो, सकाळी भरलं की तोंडाला जुनं धोतर घट्ट बांधतो. काकूंचं पिंपही या गुरुवारी मीच घासून देणार आहे.