कॉम्प्रेसर आवाज दाबतो, वाढवत नाही

ध्वनिमुद्रणातल्या कॉम्प्रेसरवरच्या तुमच्या लेखातलं ‘कॉम्प्रेसर आवाज मोठा करतो’ हे वाक्य नवशिक्यांना हमखास भलत्या वाटेला लावणार. मुळात तो आवाज दाबतो. थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती) -२० डीबी (डेसिबल), रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१ आणि गायकाची तान -८ डीबीपर्यंत चढली, तर थ्रेशोल्डच्या वरचे १२ डीबी फक्त ३ होऊन बाहेर पडतात, म्हणजे -१७. आवाज मोठा वाटतो तो नंतर मेकअप गेन (दाबल्यावर एकूण पातळी पुन्हा वर आणणारी वाढ) चढवल्यामुळे. म्हणूनच बायपास करून (कॉम्प्रेसर तात्पुरता वगळून) तुलना करायची तर आधी दोन्हीकडची पातळी सारखी करून घ्या. नाहीतर जे मोठं तेच कानाला गोड लागतं (आणि प्लगइन सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं फावतं).

अटॅक (थ्रेशोल्ड ओलांडल्यावर कॉम्प्रेसर आवाज दाबायला घेतो तो वेळ) मात्र एका ओळीत का उरकलात? खरी गंमत तिथेच आहे. स्नेअर ड्रमवर मी अटॅक १ मिलिसेकंदाच्या आसपास ठेवला की काठीचा पहिला फटकाच बोथट होतो. तोच २०-३० पर्यंत नेला की फटका सुटून पुढे येतो आणि मागचा घुमारा तेवढा दबतो. थ्रेशोल्ड थोडा हलवून गेन रिडक्शनचा (किती डीबी दाबले त्याचा) मीटर दोन्ही वेळा सारखाच दाखवायला लावता येतो, त्यामुळे नुसता मीटर बघून सेटिंग करणाऱ्याला हा फरक कळतच नाही.