आत्याच्या प्लेटा

आज माळा आवरताना आत्याच्या जस्ताच्या प्लेटा निघाल्या, चित्र कोरून त्यावरून छाप काढायच्या. सात. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर पांढरी भुकटी धरलेल्या. दादा म्हणाला, "जस्ताला भाव चांगलाय, खाली भंगारवाला आलाय. आणि चित्रं छापून झालीत ना? मग हे ठेवून करायचंय काय?"

सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

मी आठवीत असताना आत्याने एका रविवारी मला तिच्या जुन्या आर्ट कॉलेजात नेलं होतं. प्लेटेवर शाई चोपडली, मलमलीने पुसून काढली, ओलसर कागद ठेवला, सगळं छापायच्या प्रेसमध्ये सरकवलं आणि मला म्हणाली, "फिरव चाक." कागद उचलल्यावर खाली पेन्सिलीने 3/10 लिहिलं, म्हणजे ठरलेल्या दहातला तिसरा छाप. मी विचारलं, यातलं खरं चित्र कुठलं? "दहाही खरी."

लग्नानंतर आत्याने बावीस वर्षं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तक्ते काढले. घरात तिची ओळख एवढीच, "बेडूक काढते."

क्रोएशियात आंका क्रिझ्मानिच म्हणून एक चित्रकार होती, सध्या मी तिच्यात बुडालेय. 1896 चा जन्म. झाग्रेबमध्ये तोमिस्लाव क्रिझमानच्या खासगी शाळेत शिकली, मग जर्मनीत ड्रेस्डेनला. तिथे ऐन विशीत तिने अॅना पावलोवासारख्या नर्तकी रेखाटल्या. लाकूड, लिनोची मऊ शीट कोरून छाप काढले. आणि 1930 नंतर बरीच वर्षं पोटासाठी काय केलं? झाग्रेबच्या मेडिकल फॅकल्टीत शरीररचनेची चित्रं काढली! नाचणारी पावलं टिपणारा तोच हात विद्यार्थ्यांसाठी स्नायू आणि शिरा काढत होता. तरी छाप, पेस्टल काहीच सुटलं नाही. नव्वदी ओलांडून 1987 मध्ये गेली. तिला कोणी "स्नायू काढते" म्हणत असेल का? असेलही. माणसं सगळीकडची सारखीच.

फरक एवढाच की तिथे चित्रकार बायकांनी 1927 मध्ये स्वतःचा क्लब काढला, नास्ता रॉइत्स आणि लीना विरांत यांनी. आंकाची चित्रं त्यांच्या प्रदर्शनांत लागली. आत्याला मात्र आम्ही होतो. रविवारी पोहे मागणारे.

(मीही त्यातलीच. त्या एका रविवारनंतर मी तिला परत कधी विचारलं नाही, प्रेसवर कधी जायचं म्हणून.)

हो, दादाचं घर लहान आहे, सात प्लेटा ठेवायच्या कुठे हा प्रश्न खोटा नाही. ठरलेले छाप काढून झाले की प्लेटेवर ओरखडा मारून ती बाद करतात, पुन्हा कुणी छापू नये म्हणून, हेही खरं. पण ते ज्याचं त्याने करायचं असतं. वजनकाट्यावर नाही.

दुपारी एक प्लेट पुसली. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर विहिरीच्या काठावर बसलेला बेडूक. पोट फाडलेला नाही. नुसता बसलेला, उडी मारायच्या बेतात. हाच तो, मी चाक फिरवलं होतं तो. माझ्या कपाटात 3/10 आहे. पहिले दोन कुणाकुणाला दिले होते. चौथा निघालाच नाही.

आणि सातही प्लेटा उलटसुलट करून पाहिल्या. एकीवरही ओरखडा नाही. छापून झालीत म्हणे!

पुण्यात कुणाच्या ओळखीत एचिंगचा, म्हणजे अशा प्लेटांवरून छापायचा, प्रेस असेल तर कळवा. शाई-कागदाचा खर्च माझा. चाक मीच फिरवीन.