पोटमाळ्यावर चित्रकार सापडल्यास

चाळ पुनर्विकासाला गेली, पोटमाळा उपसला आणि पत्र्याच्या ट्रंकेमागून काकांची साठ-सत्तर चित्रं निघाली? अभिनंदन! आता तुम्ही एका विस्मृत चित्रकाराचे संशोधक आहात. फक्त कामं क्रमाने करा.

आधी सगळं भराभर खाली उतरवा. कुठलं चित्र कुठल्या गठ्ठ्यात, कशाला टेकून होतं, याचे फोटो काढत बसू नका. त्यावरून कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं याचा अंदाज येतो, आणि तो आला की हवं ते साल घालता येत नाही. 1947 घाला. हुसेन, रझा, सूझा या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप त्याच साली निघाला. काका तेव्हा गिरगावात पाटीवर मुळाक्षरं गिरवत असले तरी चालेल.

मग तैलचित्रं ओल्या फडक्याने पुसा. तड्यांतून पाणी आतल्या सरसापर्यंत जातं, सरस फुगतो, कॅनव्हास आखडतो, रंगाचे पोपडे सुटतात. कापलेला बटाटा घासलात तर उरलेल्या पिठावर बुरशीचीही सोय होते. मुंबईचा पावसाळा बाकीचं बघून घेतो. जलरंगांना लॅमिनेशन करा, म्हणजे प्लास्टिक पुन्हा कधी निघणार नाही. फाटलं असेल तिथे सेलोटेप. टेप गळून पडते, डाग राहतो.

टेम्पोत नेताना मोठे कॅनव्हास रंग आत ठेवून बारीक नळीवर गुंडाळा. जाणकार रंग बाहेर ठेवतात आणि निदान 15-20 सेंटीमीटर व्यासाची नळी घेतात, पण त्यांना कुठे घाई असते?

खरा धोका चित्राच्या पाठीला असतो. तिथे फ्रेमवाल्याचा शिक्का, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, जुना पत्ता असलं काहीबाही सापडतं. चिठ्ठीवरचा क्रमांक कोणी जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहिला तर तुमचं 1947 गेलं! म्हणून मागून नवं कापड चिकटवून टाका. पुढे सही नसेल तर तीही करा. फक्त ताजा रंग जुन्या तड्यांत उतरलेला भिंगातून दिसतो, तेव्हा पाहुण्यांना सरबतात गुंतवून ठेवा.

उरल्या स्केचवह्या, पत्रं, रंगांच्या दुकानाची बिलं. ती रद्दीवाल्याला किलोवर द्या आणि कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर हळहळ छापा: ‘कलावंताविषयी कागदोपत्री माहिती दुर्दैवाने उपलब्ध नाही.’