नवजात अतिदक्षता विभागातील ‘शून्य संसर्ग’ नेमके काय सांगतो?

‘ज्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात संसर्गाच्या नोंदी जास्त, तिथे हलगर्जीपणा असतो, बाळाला शून्य संसर्ग असलेल्या ठिकाणीच ठेवा,’ अशा आशयाचा संदेश पालकांमध्ये वारंवार फिरत असतो. त्यामागची काळजी खरी आहे, म्हणूनच त्यातील चुका दाखवणे मला गरजेचे वाटते.

पहिली चूक नुसती संख्या पाहण्याची आहे. सेंट्रल लाइनशी, म्हणजे औषधे-पोषण देण्यासाठी मोठ्या रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीशी, निगडित रक्तसंसर्ग दर १००० लाइन-दिवसांमागे मोजतात; एका बाळाला एक दिवस लाइन असली की तो एक लाइन-दिवस. त्यासाठी सिस्टर रोज ठरावीक वेळी प्रत्येक बाळापाशी जाऊन लाइन आहे की नाही ते पाहतात आणि तक्त्यात नोंदवतात. समजा, एका विभागात २००० लाइन-दिवसांत ६ संसर्ग झाले आणि दुसऱ्यात ५०० लाइन-दिवसांत ३, तर पहिल्याचा दर ३ आणि दुसऱ्याचा ६ येतो. संदेशावर विसंबणारा पालक मात्र दुसराच विभाग निवडेल.

तुलना वजनगटानुसारच व्हायला हवी. आईकडून मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत पोहोचतात, त्यामुळे फार लवकर जन्मलेले ७०० ग्रॅमचे बाळ आणि पूर्ण दिवसांचे बाळ यांचा धोका सारखा नसतो.

सर्वांत घातक गैरसमज शून्याबद्दलचा आहे. ८०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून साधारण ७० मिलिलिटर रक्त असते. त्यातून ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीसाठी, १ मिलिलिटर काढताना अनुभवी डॉक्टरांचाही हात आखडतो आणि बाटलीत त्याहून कमी रक्त जाते. नमुना अपुरा असला किंवा अँटिबायोटिक सुरू केल्यानंतर घेतला, तर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. जिथे कल्चर पाठवलेच जात नाही, तिथे तर शून्याखेरीज दुसरे काही नोंदले जाणेच अशक्य आहे, आणि बाळ मात्र त्याच संसर्गाशी झुंजत असते.

प्रत्येक संसर्गाचे खापर विभागावर फोडणेही बरोबर नाही, कारण पहिल्या ७२ तासांत दिसणारा संसर्ग अनेकदा प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला असतो. त्यानंतरच्या संसर्गांची जबाबदारी मात्र विभागाने झटकता कामा नये. हातांची स्वच्छता, लाइन हाताळण्याची पद्धत आणि आईचे दूध यांमुळे त्यांतले बरेचसे टाळता येतात.

म्हणून पालकांनी विचारावे: आमच्या बाळाच्या वजनगटातला दर किती आहे, गेल्या वर्षी तो किती होता, संशय येताच कल्चर पाठवता का, आणि लाइनची गरज अजून आहे का हे रोज कोण तपासते?