पेरणी यंत्रावरचा आकडा म्हणजे एकरी किलो नव्हे

मृग जवळ आला की ठाणे, कल्याण, नवी मुंबईत नोकरी करून मुरबाड-शहापूरकडची शेती सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र कारखान्यातूनच जुळवून आलेले असते, तेव्हा दांडी हव्या त्या आकड्यावर आणा, पेटी भरा आणि पेरायला लागा; बी जरा खोल गेले तर पाखरांपासून वाचते; युरिया बियाण्यातच मिसळला तर एक काम कमी होते; आणि उरलेले खत रात्रभर पेटीत राहिले तरी बिघडत नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीत पेरणी उरकू पाहणाऱ्याला हा सल्ला गोड वाटावा यात नवल नाही, पण त्यातले एकही विधान शेतात टिकत नाही.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. दांडीवरचा आकडा इतकेच सांगतो की पेटीखालच्या खाचांच्या रोलरचा किती भाग बियाण्यासमोर उघडा आहे. एकरी किती किलो पडेल हे तो सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. भाताच्या दोन वाणांचेच घ्या: कर्जत-३ चा दाणा आखूड व जाड, कर्जत-७ चा लांब व बारीक. दोन्ही एकाच आकड्यावर सारखे पडणार नाहीत. बीजप्रक्रिया केलेले बी नीट सुकले नसेल तर तेच वाण आदल्या दिवसापेक्षा कमी पडते. बैलांच्या तिफणीच्या काळी चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणाऱ्याच्या बोटांना हा फरक आपोआप कळत असे. यंत्राला बोटे नाहीत, म्हणून मोजमाप आपल्यालाच करावे लागते.

ते मोजमाप अवघडही नाही. समजा यंत्राला ९ फण आहेत, दोन फणांत २० सेंटीमीटर अंतर आहे आणि रोलर फिरवणाऱ्या चाकाचा व्यास ४० सेंटीमीटर आहे. यंत्राची पेरणीची रुंदी १.८ मीटर आणि चाकाचा परीघ सुमारे १.२६ मीटर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात साधारण २.२६ चौरस मीटर आणि २० फेऱ्यांत ४५ चौरस मीटर, अर्ध्या गुंठ्याहून थोडे कमी, क्षेत्र पेरले जाते. एकरी ३० किलो भात पेरायचे असेल तर या २० फेऱ्यांत सर्व नळ्यांतून मिळून सुमारे ३३५ ग्रॅम बी पडले पाहिजे. यंत्र उचलून चाक अधांतरी करावे, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधावी, चाक हाताने सावकाश २० वेळा फिरवावे आणि बी तोलावे. कमी-जास्त भरल्यास दांडी सरकवून पुन्हा फिरवावे. शेतात चाक थोडे घसरते, म्हणून पहिल्या तासात पेटीतले बी किती उतरले आणि किती गुंठे झाले, हेही ताडून पाहावे.

पिशव्या वेगवेगळ्या तोलण्याचे कारण मला गेल्या वर्षी कळले. भाड्याने आणलेल्या यंत्राच्या आठ नळ्यांतून प्रत्येकी ३७ ग्रॅमच्या आसपास बी आले आणि एकीतून जेमतेम १२. नळी काढून उजेडाकडे धरली तेव्हा आत कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले दिसले. एकूण वजनात ही तूट २५ ग्रॅमच होती, पण शेतात तिची एक विरळ ओळ प्रत्येक फेरीला उमटली असती.

खोल पेरण्याबद्दल म्हणायचे, तर उघड्यावर राहिलेले बी पाखरे टिपतात हे खरे आहे. पण त्यावर उपाय बी मातीने झाकण्याचा आहे, गाडण्याचा नाही. भाताला २ ते ३ सेंटीमीटर खोली पुरते. त्याहून बरेच खाली गेलेले बी आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर चिखलात गुदमरते, किंवा वर पापुद्रा धरला तर कोंब बाहेर येत नाही. खोली बिघडण्याचे कारण बहुधा जोडणीत असते. फण दोन रांगांत बसवलेले असतात. टॉप लिंक, म्हणजे यंत्राला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा दांडा, आखूड झाली की यंत्र पुढे झुकते, पुढची रांग खोल आणि मागची उथळ जाते. सपाट अंगणात यंत्र टेकवून चौकट समतल आहे ना, हे पाहिल्याशिवाय ते शेतात नेऊच नये. चालू ट्रॅक्टर किंचित पुढे सरकत असतानाच यंत्र खाली सोडावे, आणि ते टेकलेले असताना मागे घेऊ नये, नाहीतर फणांची तोंडे मातीने बुजतात.

युरिया बियाण्यात मिसळण्याचा सल्ला तर सरळ नुकसानीचा आहे, कारण ओल्या जमिनीत त्यातून सुटणारा अमोनिया कोवळ्या मुळाला भाजतो. खतासाठी वेगळी पेटी आणि वेगळी नळी दिलेली असते ती याचसाठी.

राहिले उरलेले खत. ठाण्याच्या जूनमधल्या दमट हवेत ते रातोरात पाणी ओढून दगडासारखे होते, लोखंड गंजवते आणि सकाळी रोलर अडकून साखळी तुटते. संध्याकाळी पेटी रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसावी, आणि सकाळी साखळीला तेल देऊन चाक एकदा हाताने फिरवून पाहावे.