बाल्कनीतला सायलेन्सर

मुलगा तोक्योत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि निर्व्यसनी आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. माझदा आरएक्स-७ व्यसनात धरत नाहीत, हे मला तोक्योतल्याच निशी-कासाईला संसार मांडल्यावर कळलं.

गाडी नव्वदच्या दशकातली. तिला पिस्टनच नाहीत, रोटरी इंजिन आहे; आत तिकोनी रोटर गरागरा फिरतात. इंजिन अवघं १३०८ सीसीचं, म्हणजे टॅक्स तरी कमी बसेल, असं मला वाटलं. पण जपानी सरकार रोटरीचे सीसी दीडपट धरतं. वर गाडीला १३ वर्षं उलटली की साधारण १५ टक्के वाढ. झाले वर्षाचे ४५,४०० येन, तेही गाडी जागची न हलता. हलली की लिटरला पाच-सहा किलोमीटर. शिवाय हे इंजिन पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही जाळतं. ‘बिघाड नाही गं, रचनाच तशी आहे,’ असं नवरा कौतुकाने सांगतो. घरातलं गोडेतेल महिनाअखेरीआधी संपलं तर मात्र चौकशी होते.

बरं, कंपनीने दिली तशी गाडी वापरायची नाही, हा या पंथाचा पहिला नियम. अडीच लाख येन मोजून सस्पेन्शन बदललं. कशासाठी, तर गाडी बुटकी व्हावी म्हणून. आता सुपरमार्केटच्या पार्किंगचा चढ आला की हा गाडी तिरकी घालतो आणि मी मांडीवरची अंडी सांभाळत खालून ‘खर्रर्र’ येतंय का ते ऐकत बसते. मग सायलेन्सर बदलला. आठवड्याभरात टपालपेटीत चिठ्ठी: रात्रीच्या आवाजाबाबत आपण थोडा विचार केलात तर आम्ही अत्यंत ऋणी राहू. इतक्या अदबीने मला आजवर कुणी झापलेलं नाही.

जुना सायलेन्सर टाकायचा नाही. दर दोन वर्षांनी शाकेन नावाची सरकारी तपासणी असते. गाडी जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर वर हवी, आवाज मर्यादेत हवा. ती जवळ आली की माळ्यावरून गणपतीचं मखर उतरवावं तसा बाल्कनीतून, तुळशीशेजारून, मूळ सायलेन्सर बाहेर निघतो. तो बसवायची मजुरी. पास झाल्यावर काढायचीही मजुरी. म्हणजे पैसे देऊन बिघडवलेली गाडी पैसे देऊन सुधारायची आणि पुन्हा पैसे देऊन बिघडवायची.

‘ही गुंतवणूक आहे,’ हा त्याचा हुकमी एक्का. अमेरिकेत २५ वर्षं जुन्या गाड्या सहज आयात करता येतात, म्हणून जपानमधल्या या जुन्या गाड्यांचे भाव चढलेत, हे खरंच आहे. मी म्हटलं, मग विकू या. दोन दिवस अबोला होता.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांना डिस्नेलँड दाखवायचं सोडून हा योकोहामाच्या दाइकोकू पार्किंग एरियात घेऊन गेला. एक्स्प्रेसवेवरचा हा थांबा म्हणजे या मंडळींचं पंढरपूर. पोलीस कधी बंद करतील नेम नाही, म्हणून दुपारीच निघालो. मी मागच्या सीटवर, जिथे फार तर दप्तर मावतं. सासूबाई पुढे, रेसिंगच्या बकेट सीटमध्ये. ती सीट गाडीबरोबरच आली होती, असं नवऱ्याने मला सांगितलेलं. पोहोचल्यावर साडी सावरत त्यांना त्यातून उपसून काढायला आम्ही दोघे लागलो.

तिथे एक गृहस्थ आपली निळी स्कायलाइन जीटी-आर पुसत उभे होते. सासूबाईंनी मुलाला दुभाषा करून एकेका भागाची किंमत विचारली. टर्बो, चाकं, सीट. मग म्हणाल्या, “विचार रे, घरी बायको काही बोलत नाही का?”

गृहस्थ कमरेत वाकून हसत हसत काहीतरी म्हणाले. नवरा गप्प.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काही नाही गं, हवापाण्याचं.”

एवढ्या वर्षांत मलाही थोडं जपानी येतं, हे तो विसरला होता. गृहस्थ म्हणाले होते, “तिला सांगितलंय, सगळं गाडीबरोबरच आलं.”