ट्रेलर कुठवर आला?

जपानहून निघालेलं पोकलेन अख्खा समुद्र ओलांडून न्हावा शेव्याला मुकाट उतरतं. खरी रडारड तिथून इंदूरपर्यंतच्या सहाशे किलोमीटरची! नियमाने गाडीची रुंदी २.६ मीटर, आणि आमचं धूड ३.२. म्हणजे ओडीसी, नियमाच्या मापाबाहेरचा माल, म्हणजे वेगळी परवानगी. ती हातात येईपर्यंत बंदरात जागेचं भाडं चढतंच आहे. बरं, कागद आला की लो-बेड, म्हणजे मशीन वाहणारा बुटका ट्रेलर, दुसऱ्याच भाड्यावर गेलेला. दर वेळी हेच!

मग कसारा घाट. मग सेंधव्याजवळचा बिजासन घाट. एकदा तर मध्य प्रदेशच्या सीमेजवळ पलासनेरला ट्रेलर दीड दिवस नुसता उभा. का, तर परवान्यात ट्रेलरचा नंबर एका आकड्याने चुकलेला. चुकवला एजंटाने, निस्तरलं मी. ड्रायव्हर मात्र निवांत: "भाईसाब, टेंशन मत लो, शाम तक निकल जाएंगे." कुठली शाम ते त्यालाच ठाऊक.

इकडे साइटवर ऑपरेटर पगारी बसून, आणि पार्टीचा तासातासाला फोन. घरी इंदूरच्या रामबागेत सकाळी पोहे पुढ्यात आले की आईसुद्धा विचारते, "काय रे, तुझं मशीन धामनोदला तरी पोचलं का?"

नाही गं आई. टायर फुटलाय.